टेराफ्लॉप गेले तेल लावत

तुम्ही गेम्स खेळता हे ऑफिसात एकदा कळलं, की दिवाळीच्या बोनसच्या आसपास एक प्रश्न ठरलेला येतो. कँटीनमध्ये, लिफ्टमध्ये, कधीकधी तर चालू मीटिंगमध्ये चॅटवर. "अरे, पीएस५ घेऊ की एक्सबॉक्स?" विचारणारा आधीच वीसेक व्हिडिओ बघून आलेला असतो, त्यामुळे लगेच पुढचं वाक्य, "एक्सबॉक्समध्ये बारा टेराफ्लॉप आहेत म्हणे, पीएस५ मध्ये दहाच."

यावर माझं उत्तर एकच. टेराफ्लॉप गेले तेल लावत, तू गेम विकत कसे घेणार ते सांग.

लोकांना वाटतं मी प्रश्न टाळतोय. म्हणून आज एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आधी ताकदीचं बघू, म्हणजे तो विषय संपेल. एक्सबॉक्स सीरिज एक्स आणि पीएस५ दोन्ही २०२० च्या नोव्हेंबरात आले. दोघांचा प्रोसेसर एएमडीचा, दोघांत आठ झेन २ कोअर, दोघांत १६ जीबी मेमरी. म्हणजे एकाच आचाऱ्याने दोन मांडवांत केलेला स्वयंपाक. एका मांडवात ग्राफिक्सचे १२ टेराफ्लॉप, दुसऱ्यात १०.२८. उलट दुसऱ्याची एसएसडी पहिल्याच्या दुपटीहून वेगवान. आता सोफ्यावर बसून, दहा फुटांवरच्या टीव्हीकडे बघून हा फरक जो ओळखून दाखवेल त्याला माझ्याकडून मिसळ. ही ऑफर तीन वर्षं चालू आहे. अजून एकही मिसळ खर्ची पडलेली नाही :)

आणि इतिहास बघाल तर ताकदवान कन्सोल जिंकतो हे समीकरण कधी जुळलेलंच नाही. २००० साली आलेल्या प्लेस्टेशन २ पेक्षा पुढच्या वर्षी आलेला पहिला एक्सबॉक्स कितीतरी दणकट होता. विकले गेले पीएस२, पंधरा कोटींहून जास्त. २००६ मध्ये सोनीने पीएस३ मध्ये 'सेल' नावाचा प्रोसेसर घातला. कागदावर राक्षस, पण त्यावर प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या डोक्याला ताप. अमेरिकेत ६० जीबीच्या मॉडेलची किंमत ६०० डॉलर. त्याच महिन्यात निन्टेन्डोने 'वी' आणला २५० डॉलरला. एचडीसुद्धा नाही त्यात. पण हातातला रिमोट हलवून घरातल्या आजी-आजोबांना बोलिंग खेळता येत होतं, आणि तो दहा कोटींच्या वर खपला. मग २०१७ चा स्विच. टीव्हीला जोडला तरी अर्ध्या टेराफ्लॉपच्या आत. पंधरा कोटींच्या वर. अजून किती पुरावे हवेत?

अपवाद म्हणून पीएस४ चं नाव घेतलं जातं. तो एक्सबॉक्स वनपेक्षा ताकदवान होता आणि जिंकलाही. पण तो ताकदीमुळे जिंकला असं ज्यांना वाटतं, त्यांनी २०१३ चा जून महिना आठवावा.

मी तेव्हा दहावीच्या निकालाची वाट बघत होतो आणि घरी नेट होतं डोंगलवरचं. मायक्रोसॉफ्टने आधीच मे महिन्यात एक्सबॉक्स वन जाहीर केला होता, आणि त्याच्या अटी हळूहळू बाहेर येत होत्या. डिस्क फक्त इन्स्टॉल करण्यापुरती. गेम तुमच्या अकाउंटला बांधलेला. कन्सोलने दर २४ तासांनी एकदा सर्व्हरला हजेरी लावायची, नाही लावली तर खेळ बंद. जुनी डिस्क मित्राला द्यायची, विकायची, तर प्रकाशकाने परवानगी दिली असेल तर आणि तेवढीच. (कुटुंबातल्या दहा जणांना आपले गेम वापरू द्यायची एक बरी योजनाही त्यात होती, हेही सांगितलं पाहिजे. ती योजना त्या गदारोळात कुणी ऐकूनच घेतली नाही.) ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी काय करायचं असं विचारल्यावर कंपनीच्या वरिष्ठांचं उत्तर साधारण असं होतं, की त्यांच्यासाठी आमच्याकडे जुना एक्सबॉक्स ३६० आहे की! डोंगलवाल्याच्या काळजावर ते कसं लागलं असेल बघा.

१० जूनला ई३ मध्ये सोनीने जाहीर केलं की आमच्याकडे यातलं काही नाही. वर किंमत ४०० डॉलर, समोरच्याची ५००. आणि सोबत अर्ध्या मिनिटाच्याही आतला एक व्हिडिओ, 'पीएस४ वर गेम शेअर कसा करावा'. सोनीचे दोन अधिकारी उभे. एक दुसऱ्याच्या हातात डिस्कचा डबा देतो, दुसरा थँक्यू म्हणतो. व्हिडिओ संपला. मी तो त्या रात्री बफर होत होत पाच-सहा वेळा पाहिला. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने सगळ्या अटी मागे घेतल्या, पण तोवर वरात पुढे निघून गेली होती. पीएस४ शेवटी अकरा कोटींच्या वर गेला, आणि मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून आपले कन्सोल किती विकले गेले हे सांगणंच बंद केलं.

म्हणजे गेल्या पंधरा वर्षांतली कन्सोलची सगळ्यात मोठी लढाई ठरली ती एका साध्या प्रश्नावर. पैसे मोजून घेतलेला गेम माझा का तुमचा?

आपल्याकडे हा प्रश्न तात्त्विक नाही, सरळ हिशेबाचा आहे. नवा मोठा गेम पाच हजारांच्या आसपास पडतो. 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' मी २०२२ च्या नोव्हेंबरात डिस्कवर ४,९९९ ला घेतला. महिन्याभरात संपवला. मग ती डिस्क गेली बाणेरच्या मित्राकडे, त्याच्याकडून चिंचवडला दुसऱ्याकडे, तिथून नाशिकला मावसभावाकडे. ("दादा, पाठव ना कुरियरने" असे रोज तीन मेसेज. मावशीने सेमिस्टर संपेपर्यंत डिस्क साड्यांच्या कपाटात ठेवली होती, हे मला नंतर कळलं.) तिथून परत आल्यावर मी ती २,२०० ला विकून टाकली. चार घरांत मिळून खर्च २,८००, म्हणजे घरटी सातशे रुपये. आता हाच गेम डिजिटल घेतला असता तर? छापील किंमत तीच, ४,९९९. डिस्क छापायची नाही, डबा नाही, ट्रक नाही, दुकानदाराचं कमिशन नाही, तरी किंमत तीच. आणि खेळून झाल्यावर त्याची बाजारातली किंमत शून्य.

भारतात २०२१ च्या फेब्रुवारीत पीएस५ आला तेव्हा ड्राइव्हवाला ४९,९९० ला होता आणि बिनड्राइव्हचा ३९,९९० ला. दहा हजार वाचतात म्हणून कित्येकांनी बिनड्राइव्हचा उचलला. वरच्याच हिशेबाने पाच गेम विकले की ते दहा हजार परत येतात आणि सहाव्या गेमपासून तुम्ही फायद्यात. हे गणित करायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही, पण डिग्रीवालेच जास्त फसलेत असं माझं निरीक्षण आहे.

पैशांचं असो. मला खरं टोचतं ते वेगळंच, आणि ते माझ्या कामामुळे टोचतं.

मी ज्या टीममध्ये आहे ती ऑथेंटिकेशनची सर्व्हिस सांभाळते. सोप्या भाषेत, दारावरचा वॉचमन. प्रत्येक रिक्वेस्टला दोन प्रश्न, तू कोण आणि तुला आत जायची परवानगी आहे का. डिजिटल गेम हे अगदी हेच आहे. तुमच्या हार्ड डिस्कवर असतात शंभर जीबी फाइली, आणि त्या चालवायच्या की नाही हे ठरवतो लांबचा कुठलातरी वॉचमन. डिस्क म्हणजे खिशातली नोट, ज्याच्या हातात त्याची. डिजिटल म्हणजे दुसऱ्याच्या वहीतली नोंद.

आणि वही सांभाळणारे कसे वागतात ते मी आतून बघतो. दर सहा-आठ महिन्यांनी आम्ही एखादी जुनी सर्व्हिस बंद करतो. आधी ग्राफ बघतो. किती जण वापरतात? चाळीस-पन्नास उरलेत. चाळीस-पन्नास म्हणजे आमच्या भाषेत शून्य. मग मेल जातो, बॅनर लागतो, तारीख येते, बंद. संध्याकाळी टीमला समोसे. यात कुणी दुष्ट नसतो हो. सर्व्हरचं भाडं असतं, सिक्युरिटीचे पॅच असतात, आणि ज्याने मूळ कोड लिहिला तो केव्हाच कॅनडाला गेलेला असतो. पण ते चाळीस-पन्नास जण कोण होते हे आम्ही कधी बघत नाही. गेम्सच्या बाबतीत दहा वर्षांनी त्या चाळीस-पन्नासांत मी असणार आहे, हे मला स्वच्छ दिसतं.

होतंय का असं? होतंय. निन्टेन्डोने वी यू आणि थ्रीडीएसची ऑनलाइन दुकानं मार्च २०२३ मध्ये बंद केली. एक्सबॉक्स ३६० चं दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झालं. सोनीने २०२१ मध्ये पीएस३ आणि व्हीटाची दुकानं बंद करणार म्हणून सांगितलं आणि बोंबाबोंब झाल्यावर निर्णय फिरवला. आधी विकत घेतलेलं डाउनलोड करायची सोय बंद झालेल्या दुकानांनी तूर्त ठेवलीय हे खरं. पण 'तूर्त' या शब्दाचा अर्थ आमच्या टीमला विचारा. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा गाड्यांचा गेम २०१४ मधला. त्याचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले, आणि तो गेम एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागत असल्यामुळे सगळ्यांचाच खेळ खल्लास. डिस्क हातात असलेल्यांचासुद्धा! त्यावरून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि २०२५ च्या जुलैत तिच्या सह्या दहा लाखांच्या पुढे गेल्या. कॅलिफोर्नियाने तर कायदा केला की डिजिटल दुकानाने 'खरेदी करा' असं बटण लावलं तर हा फक्त परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. जानेवारी २०२५ पासून तो लागू आहे.

म्हणजे डिस्क ही काही अमृतवल्ली नाही. २०२२ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २' च्या पीएस५ डिस्कवर सुमारे ७० एमबी डेटा होता. सत्तर! बाकीचा गेम डाउनलोड करा. १०० जीबी धरले तर ३० एमबीपीएसच्या लाइनवर साडेसात तास, तेही मध्ये लाइट न जाता. निन्टेन्डोने २०२५ च्या जूनमध्ये स्विच २ सोबत 'गेम-की कार्ड' आणलं. दिसायला कार्ट्रिज, आत गेमच नाही, फक्त किल्ली. तरी त्याची बाजू घ्यायची तर ती किल्ली दुसऱ्याला देता तरी येते. कोडचा कागद घातलेल्या रिकाम्या डब्यापेक्षा बरं.

आता प्रत्येकाबद्दल माझं मत, कारण त्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही.

एक्सबॉक्स. जुन्या गेम्सचा मान यांच्याइतका कुणी ठेवला नाही. २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्सची डिस्क, यादीत असेल तर, आजच्या सीरिज एक्समध्ये घालून चालते आणि मूळपेक्षा चांगली दिसते. हे इंजिनिअरिंग म्हणून मला तिन्ही कंपन्यांच्या कुठल्याही चिपपेक्षा भारी वाटतं. पण याच कंपनीच्या स्वस्तातल्या सीरिज एसला ड्राइव्हच नाही, आणि सगळा भर गेम पासवर. कॉलेजातल्या पोराला, ज्याला महिन्याला चार गेम चाखून बघायचेत, त्याला गेम पास झकास आहे, त्यात वाद नाही. फक्त भाडं वाढवणं मालकाच्या हातात असतं. २०२५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत गेम पास अल्टिमेट एकदम २० डॉलरवरून ३० डॉलर झाला. आणि त्याच महिन्यात 'हेलो'ची नवी आवृत्ती प्लेस्टेशनवर येणार असं जाहीर झालं. हेलो! ज्या गेमच्या जिवावर एक्सबॉक्स उभा राहिला तो. ज्यांनी वीस वर्षं फोरमवर भांडणं केली त्यांच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नसेल.

निन्टेन्डो. गेम सगळ्यात सुंदर, स्वभाव सगळ्यात हट्टी. गेमच्या किमती वर्षानुवर्षं उतरत नाहीत, पण म्हणूनच वापरलेल्या कार्ट्रिजलाही चांगला भाव येतो. भारतात मात्र यांचं अधिकृत दुकान नाही. लॅमिंग्टन रोडला मिळतो स्विच, बिल आणि वॉरंटीचं विचारू नका. गंमत अशी, की पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला 'राजी' हा गेम २०२० च्या ऑगस्टमध्ये सगळ्यात आधी आला तो स्विचवर. पुण्यात तयार झालेला गेम ज्या कन्सोलवर पहिल्यांदा निघाला, तो कन्सोल पुण्यात सरळ मार्गाने विकत मिळत नाही. यावर हसायचं की रडायचं ते तुम्ही ठरवा.

आणि सोनी. माझ्या घरात जाडा पीएस५ आहे, पहिल्या लॉटमधला, ड्राइव्हवाला, त्यामुळे मी निःपक्षपाती आहे असा दावा करत नाही. आपल्याकडे दुकानं, रिपेअरिंग, वापरलेल्या डिस्कचा बाजार, सगळं यांचंच. पीएस२ च्या काळापासून ती सवय लागलीय, भले तेव्हा चिप बसवून देणाऱ्याचा त्यात सोनीपेक्षा मोठा वाटा असेल. पण ज्या कंपनीने २०१३ मध्ये डिस्कचा डबा हातोहात देऊन टाळ्या घेतल्या, तिचा ७०० डॉलरचा पीएस५ प्रो २०२४ मध्ये आला तो बिनड्राइव्हचा. (भारतात तेव्हा आलाच नाही. त्यातल्या वाय-फाय ७ ला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे खुला नव्हता.) पूर्वी कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा, पीएस२ तर अमेरिकेत ३०० डॉलरवरून १०० वर आला होता. पीएस५ आपल्याकडे दोन वर्षांत पाच हजारांनी महाग झाला.

सोनीला एकट्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही. प्लेस्टेशनवर विकल्या जाणाऱ्या पूर्ण गेम्सपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त आता डिजिटल असतात. मायक्रोसॉफ्टने एका दमात मागितलं तेव्हा सगळ्यांनी ओरडून नाही म्हटलं, तेच मग सेलच्या बॅनरखाली थोडंथोडं देऊन टाकलं. रात्री अकराला गेम हवासा वाटतो, बटण समोर असतं, कार्ड सेव्ह केलेलं असतं. मला कळतं ते. पाचशे रुपयांच्या आतला गेम मीही डिजिटलच घेतो. पाच हजारांचा नाही.

तेव्हा घेणार असाल तर ड्राइव्हवालं मॉडेल घ्या, मग ते कुठल्याही कंपनीचं असो. तुमचे मित्र ज्या कन्सोलवर आहेत तो घ्या, कारण डिस्क त्यांच्याकडूनच येणार आहे. आणि एक बारीकशी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही ती सांगतो. २०२३ पासूनच्या पीएस५ स्लिमची ड्राइव्ह सुटी निघते, वेगळी विकत घेऊन बसवता येते. छान. पण ती बसवल्यावर कन्सोलशी जोडी जमवायला एकदा इंटरनेटवरून सोनीच्या सर्व्हरला विचारावं लागतं. म्हणजे डिस्कच्या दारावरही वॉचमन आलाच. आज तो सर्व्हर चालू आहे. अजून बारा-पंधरा वर्षांनी कुणाची जुनी ड्राइव्ह बिघडली आणि त्याने दुसरी आणून लावली, तर त्या दिवशी ग्राफवर कितीजण उरलेले असतील?

आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार माझा जाडा पीएस५ घेऊन एक्स्चेंजमध्ये स्लिम द्यायला तयार आहे, वर दोन कंट्रोलर. "साहेब, जागा कमी लागते, नवा कोरा आहे," दर वेळी सांगतो. मी अजून हो म्हटलेलं नाही.